जुलैत लावलेलं रोप ऑक्टोबरात कोणी बघतं का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, त्यामुळे चूकभूल द्यावी घ्यावी. लांबलं तर कापा, माझी हरकत नाही, फक्त पिशवीवालं कापू नका, त्याच्यासाठीच लिहायला बसलेय.

मी नाशिकला दिंडोरी रोडवर मेरी या सरकारी संशोधन संस्थेजवळ राहते, घरी डबे करून देते. तीन वर्षांपूर्वी शुगर निघाली आणि डॉक्टर म्हणाले रोज चाला, तर शेजारच्या ताई म्हणाल्या रोज नुसतं चालण्यापेक्षा रविवारी आमच्यासोबत डोंगरावर चल, चालणंही होईल आणि चार झाडंही जगतील. तेव्हापासून जाते. म्हसरूळच्या पुढे एक छोटासा डोंगर आहे, त्याच्या पायथ्याला आणि एका अंगाला आमचा ग्रुप काम करतो. डोंगराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव छापलं की पुढच्या रविवारी तिथे बर्थडे पार्टी सुरू होते आणि सोमवारी आम्ही केकचे खोके गोळा करतो, हा अनुभव घेऊन झालाय.

तर मुद्द्यावर येते. दरवर्षी जून-जुलैत तुमच्या पेपरात वृक्षारोपणाचे फोटो येतात. एक रोप, त्याला हात लावून आठ-दहा जण, मागे बॅनर. रोप तर दिसतच नाही, हातच दिसतात. त्याबद्दल मला राग नाही, लोक येतात हे चांगलंच आहे, पण ते रोप ऑक्टोबरात कसं आहे हे बघायला ना ते दहा जण येतात ना तुमचा फोटोग्राफर. आणि खरं काम तर तेव्हाच असतं हो! पाऊस थांबला की रोपाची परीक्षा सुरू होते. नवरात्रापर्यंत सगळं हिरवंगार दिसतं म्हणून लोकांना वाटतं झालं, जगलं. मग दसरा होतो, ऑक्टोबर हिट चालू होते, कमरेएवढं गवत पिवळं पडायला लागतं आणि त्या गवतात वीतभर रोप कुठे आहे हे लावणाऱ्याला सुद्धा सापडत नाही.

आम्ही दसरा ते देवदिवाळी हा आमचा सीझन धरतो. पावसाळ्यात आमच्याकडे चाळीस-पन्नास माणसं असतात, गाड्या लावायला जागा नसते, आणि ऑक्टोबरात उरतो आम्ही नऊ. गावातली माणसं आली असती पण त्यांचंही बरोबर आहे, नेमकी तेव्हाच द्राक्षाची छाटणी असते, घरातला माणूस न् माणूस बागेत असतो, मजुरीचे पैसे सोडून आमच्याबरोबर गवत कापायला कोण येणार आणि का यावं? त्यांना मी एका शब्दानं बोलणार नाही. बोलायचं आहे ते आपल्याला, शहरातल्यांना, ज्यांना रविवारी सुट्टी असते आणि जे सकाळी सातला मिसळ खायला वीस किलोमीटर जातात. (मीही जाते, मिसळीशी माझं काही वाकडं नाही.)

आता काम काय असतं ते सांगते म्हणजे कोणाला वाटायला नको की फार अवघड आहे. पहिलं म्हणजे रोप शोधायचं. आम्ही लावताना प्रत्येकाजवळ बांबूची काठी रोवतो आणि तिला जुन्या साडीची चिंधी बांधतो, तरी निम्म्या काठ्या कोणीतरी जळणाला नेतं. रोप सापडलं की त्याच्याभोवती हातभर गवत विळ्यानं कापायचं, मग आळं करायचं, आणि तेच कापलेलं गवत आळ्यात पसरायचं म्हणजे ओल टिकते. हे ऐकायला सोपं आहे पण पहिल्या वर्षी मी काय केलं ते सांगते, कबूलच करून टाकते. मी जोशात विळा चालवत गेले आणि एका मुठीत गवताबरोबर बहाव्याचं रोप मुळापासून वरचं सगळं कापून मोकळी झाले. हातात धरून बघते तर गवताच्या पात्यांमध्ये ती जोडीजोडीची पानं. रडूच आलं मला. ग्रुपमधले काका म्हणाले अहो राहू द्या, मूळ शाबूत आहे, फुटेल. मी दर रविवारी जाऊन त्या बोटभर खुंटाला पाणी घालायचे, आणि पुढच्या पावसाळ्यात खरंच फुटलं. आज गुडघ्याएवढं आहे. तेव्हापासून मी आधी डाव्या हातानं चाचपून मग विळा घालते आणि नवीन येणाऱ्याला पण हेच शिकवते.

गवताचं म्हणाल तर तेही नुसतं कापून फेकायचं नसतं. पवन्या, मारवेल ही चांगली गवतं, गुरं आवडीनं खातात, त्यांचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिकतं. ते आम्ही मुठीनं ओरबाडून पिशवीत भरतो आणि डोंगराच्या उघड्या पडलेल्या भागावर पुढच्या पावसाच्या तोंडावर टाकतो. आणि एक ती कुसळी! तिची कुसळं सॉक्समध्ये घुसली की घरी आल्यावर अर्धा तास काढत बसावं लागतं. त्या कुसळाची गंमत अशी की वाळलं की त्याचं शेपूट पिळा घेतं, ओल लागली की तो पीळ उलगडतो आणि टोक आत आत शिरत जातं, जमिनीत बी रुजवायची त्याची ही युक्ती आहे पण त्याला सॉक्स आणि जमीन यातला फरक कळत नाही. आमचे मिस्टर म्हणतात वॉशिंग मशीनमध्ये तुझे सॉक्स टाकू नको, माझ्या बनियनला टोचतं.

मग घाणेरी. इंग्रजांच्या काळात शोभेचं झुडूप म्हणून आली आणि आता कुठला डोंगर तिच्याशिवाय उरलाय ते दाखवा. ऑक्टोबरात जमीन अजून मऊ असते, म्हणून तेव्हाच ती काढायची, डिसेंबरात टिकाव सुद्धा टणकन उडतो. वरून कोयत्यानं छाटली तर दुप्पट जोमानं फुटते. जमिनीखाली चार बोटं जाऊन मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, मूळ वर, फांद्या खाली, म्हणजे वाळतं. आणि हे काळी फळं पिकून पडायच्या आत, नाहीतर बुलबुल ती खातात आणि गावभर पेरून येतात. पण सगळी एका वर्षात काढायची पण नसते बरं का, तिच्या आडोशाला ससे-तितर असतात, म्हणून पट्ट्यापट्ट्यानं काढतो आणि काढलेल्या जागी लगेच आपलं काहीतरी लावतो.

आता ते पिशवीवालं. तीन वर्षांपूर्वीच एका कंपनीची बस आली होती जुलैमध्ये, नाव लिहीत नाही. टोप्या, टीशर्ट, नाश्त्याची पाकिटं, सगळं झोकात. दोन तासात दोनशे रोपं लावून गेले. आम्हाला बरं वाटलं, एवढे हात आपल्याकडे कुठून येणार. ऑक्टोबरात आम्ही आळी करायला गेलो तर त्या ओळीतली रोपं एकेक करून माना टाकत होती, पाणी घातलं तरी फरक नाही. काकांनी एक रोप उकरलं. तर काय, काळी प्लास्टिकची पिशवी जशीच्या तशी! पिशवी न काढताच खड्ड्यात ठेवून वरून माती लोटलेली. मुळं बिचारी पिशवीच्या आतल्या आत गोल गोल फिरून वेटोळं करून बसलेली, चकलीसारखी. बाहेर एवढी ओली माती आणि आत ते तहानेनं मेलेलं. आम्ही त्या दिवशी दुपारी एकपर्यंत पिशव्याच काढत होतो, एका गोणीत भरल्या, सत्तेचाळीस रोपं वाचली, बाकीची गेली. आणि त्यात निम्मा गुलमोहोर आणि गिरिपुष्प, म्हणजे आपल्या डोंगराचं झाड नाहीच ते. ज्यांनी लावली ती मुलं वाईट नव्हती हो, आयटीतली पोरं, त्यांना कोणी सांगितलंच नाही की पिशवी फाडायची असते. पण त्यांचा फोटो छापून आला आणि आमची गोणी नाही आली. संपादक साहेब, ती गोणी अजून माझ्या गॅलरीत आहे, पाहिजे तर फोटो काढायला पाठवा कोणाला.

दसऱ्याचा विषय निघालाच आहे तर आपट्याचं पण सांगते. सोनं म्हणून आपण जी पानं लुटतो त्यासाठी दसऱ्याच्या आदल्या दिवशी डोंगरावर टेम्पो येतात आणि फांद्याच्या फांद्या कोयत्यानं तोडून नेतात, पानं नाही, फांद्या. आणि आपटा सापडला नाही तर कांचन तोडतात, पान सारखंच दिसतं ना दुभंगलेलं, घेणाऱ्याला काय कळतंय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच सोनं रस्त्यावर पायदळी. आम्ही दोन वर्षं झाली दसऱ्याच्या आदल्या रात्री पायथ्याला चटया टाकून बसतो, भांडत नाही, टेम्पोवाल्याला चहा देतो आणि म्हणतो दादा फांदी नको, हवी तेवढी पानं खुडून न्या. एक जण ऐकतो, दोन जण ऐकत नाहीत. घरी मी सोनं म्हणून एकेकच पान देते, सासूबाईंना आधी ते आवडलं नव्हतं, म्हणाल्या लोक काय म्हणतील, आता त्याच सगळ्यांना सांगतात की आमच्याकडे एकच पान मिळेल.

कोजागिरीला तर ग्रुपमध्ये भांडणच झालं होतं. तरुण पोरांचं म्हणणं डोंगरावर दूध आटवू, चंद्र बघू, मस्त होईल. मी म्हटलं गवत वाळायला लागलंय, एक ठिणगी उडाली तर तीन वर्षांचं काम एका रात्रीत राख होईल आणि पेपरात बातमी येईल ती मात्र नक्की. शेवटी दूध मी घरी आटवलं, केशर-चारोळी घालून, दोन मोठ्या थर्मासात नेलं. वर चांदण्यात बसून प्यायलो, टिटवी ओरडत होती, खाली नाशिकचे दिवे. पोरं म्हणाली काकू असंच बरंय. बिबट्याची भीती होती म्हणून सगळे एकत्रच होतो आणि साडेनऊला खाली आलो, तेही सांगून ठेवते, उगाच कोणी एकट्यानं जाऊ नका.

वणव्याची भीती मी उगाच नाही म्हणत. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसानंच लावलेले असतात, कोणी बिडी टाकतं, कोणी जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं म्हणून काडी लावतं. गवत येतं हो, पण रोपं जातात, आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचं काय होतं ते न बोललेलं बरं. म्हणून दिवाळी झाली की जाळरेषा काढायच्या, म्हणजे आपल्या तुकड्याच्या भोवती पट्ट्यातलं गवत कापून काढून टाकायचं, जमीन उघडी करायची, की आग तिथे येऊन थांबेल. याला सगळ्यात जास्त माणसं लागतात आणि तेव्हाच सगळे दिवाळीच्या फराळानं सुस्त झालेले असतात.

आणि बंधारा. हे काम मला सगळ्यात आवडतं. पायथ्याला एक ओहोळ आहे, ऑक्टोबर अखेरीला त्याची धार करंगळीएवढी होते, तेव्हा त्याच्यावर वनराई बंधारा घालतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या घ्यायच्या, माती भरायची, दाभणानं सुतळीनं तोंड शिवायचं आणि विटा रचतात तशा सांधा मोडून रचायच्या, मधल्या फटींमध्ये चिकणमाती थापायची. गोण्या मिळवणं हेच मोठं काम, कारण भंगारवाला त्याचे पैसे देतो म्हणून बांधकामाच्या साईटवर वॉचमन फुकट देत नाही, आम्ही वॉचमनला माझ्या हातच्या पुरणपोळ्या देऊन शंभर गोण्या आणल्यात. गोण्या शिवायला पेन्शनर मंडळी बसतात सावलीत, गुडघे दुखतात म्हणून चढता येत नाही ते सगळे शिवायला. एक आजी आहेत, गोधड्या शिवायच्या पूर्वी, त्यांचा टाका बघा, गोणी फुटेल पण टाका सुटणार नाही. पहिल्या वर्षी बंधारा घातला आणि संध्याकाळी पाणी अडून फुगायला लागलं तेव्हा आम्ही येडे तासभर नुसते बघत उभे होतो. ते पाणी मागच्या साली जानेवारीच्या शेवटापर्यंत टिकलं, त्यातूनच बादल्यांनी रोपांना घातलं, आणि सकाळी धोबी पक्षी त्याच्या काठानं शेपटी वरखाली करत फिरत असतात, ते थंडीचे पाहुणे, बरोबर याच दिवसात येतात.

माझा भाचा अमेरिकेत बोस्टनजवळ असतो, त्याला व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं तर म्हणाला मावशी आमच्याकडे पण असंच असतं, लँड ट्रस्ट म्हणतात, तिथेही सध्या फॉल आहे म्हणून दर शनिवारी पायवाटा साफ करायला आणि परदेशी झुडपं उपटायला लोक जातात, लहान पोरांना घेऊन. त्यांच्या मॅसॅच्युसेट्समध्ये १८९१ सालापासून अशी संस्था आहे म्हणे, लोक जमीन दान देतात किंवा संस्था विकत घेते. काही मालक जमीन स्वतःकडेच ठेवतात पण कायमचं लिहून देतात की यावर बांधकाम होणार नाही, पुढे विकली तरी नव्या मालकाला ते बांधील असतं. मला ही आयडिया फारच आवडली. आपल्याकडे संस्थेनं शेतजमीन घ्यायची म्हटलं तर सोपं नाही, आपल्या राज्यात शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. पण वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं कम्युनिटी रिझर्व्ह म्हणून तरतूद आलीय, खासगी किंवा गावाची जमीन लोकांनी स्वतःहून राखायला दिली तर सरकार तसं जाहीर करू शकतं. सरकारी जमिनीवर कॉन्झर्वेशन रिझर्व्ह होतं, आपल्या बोरगडच्या डोंगराला ते २००८ मध्ये झालं आणि अंजनेरीला २०१७ मध्ये. त्या अंजनेरीवर तर अशी एक खरपुडी फुलते, कंदिलासारखं फूल असतं, तिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे. तिकडे रस्ता करायचा घाट घातला होता तेव्हा लोकांनीच ओरड केली. ब्रह्मगिरीच्या पायथ्याला २०२१ मध्ये डोंगर फोडायला लागले तेव्हाही लोक उभे राहिले, २०२५ मध्ये तपोवनातली झाडं वाचवायला तर किती माणसं आली, मीही गेले होते. म्हणजे नाशिककरांना डोंगराची, झाडाची माया नाही असं कोणी म्हणू नये. फक्त आपली माया कुऱ्हाड दिसली की जागी होते. गवत दिसलं की होत नाही.

आमच्या डोंगराच्या खालच्या बाजूला आता फार्महाऊस प्लॉटच्या पाट्या लागल्यात. तिथल्या एका शेतकरी बाबांना आम्ही विचारलं, ते म्हणाले पोरीच्या लग्नाला विकावी लागली नाही तर ठेवीन मी अशीच. याच्यावर काय बोलणार? आम्ही आपलं त्यांच्या बांधावरचं घाणेरीचं बेट काढून दिलं, तेवढं हातात होतं.

तर संपादक साहेब, मागणं दोनच आहे. एक, जुलैत ज्यांचे फोटो छापले त्यातली निदान चार-पाच ठिकाणं ऑक्टोबरात परत जाऊन बघा आणि तेच रोप, त्याच जागी, परत छापा. जिवंत असलं तरी छापा, मेलेलं असलं तरी छापा. माणसं नकोत फोटोत, नुसतं रोप. बघा पुढच्या जुलैत पिशव्या आपोआप निघतात की नाही. दुसरं, शनिवारच्या अंकात एका कोपऱ्यात चौकट द्या, उद्या कुठे कुठे हात पाहिजेत. आमचंच नको, नाशिकमध्ये किती तरी टेकड्यांवर लोक गुपचूप काम करतायत. नांदूरमधमेश्वरला पक्षी बघायला जाणारे तर आता निघतीलच, राज्यातली पहिली रामसर जागा, म्हणजे जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, म्हणून २०२० पासून सगळ्यांना माहिती झालीय, बघा जरूर, पण एक रविवार तिकडे आणि एक इकडे असं केलं तरी चालेल.

आमच्या ग्रुपचा नंबर तुमच्या ऑफिसला वेगळा कळवला आहे, पेपरात छापू नका, कोणी विचारलं तर द्या. सकाळी साडेसहाला मेरीच्या गेटसमोर भेटतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, बूट घाला, सॉक्स जुने घाला. पाणी स्वतःचं आणा, पोहे माझ्याकडून. विळा नसला तरी या, माझ्याकडे तीन जास्तीचे आहेत, फक्त त्यातला लाकडी मुठीचा सासूबाईंचा आहे, तो जाताना आठवणीनं परत द्यायचा.

आपली नम्र,
एक वाचक, दिंडोरी रोड, नाशिक